जुन्या टाकीत आपण नेमकं काय विकत घेतो?

मागच्या व्याख्यानात बोलता बोलता माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा उल्लेख झाला होता. विषय होता कार्यकारणभाव. नंतर जे प्रश्न आले त्यांतले निम्म्याहून अधिक टाकीबद्दल होते, कार्यकारणभावाबद्दल कुणी फारसं विचारलं नाही. (हशा) तेव्हा आज टाकीवरच बोलू. त्यातही नवी कोरी टाकी नाही. कुणीतरी वापरलेली, लहान, समुद्राच्या पाण्याची टाकी घरी आणायची असेल तर सुरुवात कशी करावी, एवढाच आजचा विषय.

बहुतेकांच्या घरात ही टाकी अशीच शिरते. कुणाची बदली होते, कुणाची मुलगी शिकायला परदेशी जाते, कुणाला उन्हाळा झेपत नाही. मग जाहिरात येते: दोन फुटी टाकी, पंप, लाईट, दगड, दोन 'निमो', सगळं मिळून अमुक इतके. किंमत बघितली की वाटतं, लॉटरी लागली. इथेच जरा थांबायचं, आणि विचारायचं की या व्यवहारात माझ्या घरी नेमकं काय येणार आहे?

'मिलिंदप्रश्न' नावाचा पाली ग्रंथ आहे. त्यात नागसेन हा भिक्षू राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू, दोर, चाबूक, यांतलं रथ कोणतं? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. टाकीलाही हेच विचारून बघा. काच म्हणजे टाकी का? नाही, काच बाजारात नवीसुद्धा फार महाग नाही. पाणी? नाही, ते तर आपण बदलतच असतो. मासे? मासे हे टाकीत राहणारे, भाडेकरू म्हणा. मग काय उरतं? उरतं ते डोळ्यांना दिसत नाही. दगडांच्या छिद्रांत, फिल्टरच्या स्पंजात चिकटून बसलेली जिवाणूंची वस्ती. ती आहे म्हणून ते पाणी जगण्यालायक आहे. आणि गंमत अशी, की पैसे मोजून घेतलेल्या वस्तूंपैकी नेमकी हीच घरी पोचेपर्यंत मरू शकते.

हे जिवाणू काय करतात ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मासा खातो, आणि त्याच्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून बाहेर टाकतो. उरलेलं अन्न कुजतं, त्याचाही अमोनिया होतो. समुद्रात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. साठ लिटरच्या पेटीत कुठे जाणार? तिथे एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं, ते पाणी बदलून कमी करता येतं. अमोनिया मात्र मारतो. खाऱ्या पाण्यात तो जास्तच घातक, कारण समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. गोड्या पाण्यात, पीएच ७ असताना, अमोनियाचा जो अंश विषारी रूपात असतो, त्याच्या दहापटीहून जास्त अंश इथे त्या रूपात असतो. गोड्या पाण्यात मासे पाळलेली माणसं 'आम्हाला अनुभव आहे' म्हणून येतात आणि इथे फसतात, त्याचं हे एक कारण.

माणसाला हे उशिरा कळलं. लंडनमध्ये १८४६ च्या सुमारास अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ आणून घरात जगवले. कसे? त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायची, हवा मिसळावी म्हणून. इतिहासात त्या मोलकरणीचं नाव आपल्याला सापडत नाही, पण पहिला एअरपंप तीच. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती आणि मासे एकमेकांना सांभाळतात असं प्रयोगाने मांडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसचं पुस्तक आलं आणि इंग्लंडभर घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं. पण या सगळ्यांना प्राणवायू दिसत होता, अमोनिया खाणारे जिवाणू ठाऊक नव्हते. ते वेगळे करून दाखवले सर्गेई विनोग्रॅड्स्की यांनी, १८९० च्या सुमारास, आणि तेही टाकीसाठी नव्हे, मातीचा अभ्यास करताना. मधल्या चाळीस वर्षांत किती टाक्या का मेल्या हे लोकांना कळलंच नसणार.

आता व्यवहाराकडे येऊ. विकणाऱ्याच्या घरी गेल्यावर टाकी चालू आहे का बंद, हे आधी बघा. दोन महिने कोरडी पडलेली टाकी म्हणजे काच आणि दगड. तिची किंमत तेवढीच द्यावी. त्यात काही वाईट नाही, उलट ती जास्त सोपी. चालू टाकी मोलाची आहे, पण जबाबदारीही आहे, तिच्याकडे नंतर येतो.

काच तपासताना चरे फार मनावर घेऊ नका. सांध्यांतलं सिलिकॉन बघा. नखाने दाबलं तर लवचीक लागायला हवं. कडा सुटलेल्या, आत हिरवट काळं शेवाळ शिरलेलं, पापुद्रा निघतोय, असं असेल तर ती पुन्हा चिकटवून घ्यावी लागेल. विकत घेतल्यावर घरी आणून सपाट फरशीवर, खाली थर्माकोलची शीट घालून, साध्या पाण्याने काठोकाठ भरा आणि दोन दिवस तशीच ठेवा. खाली कोरडा कागद पसरा, थेंब लगेच कळतो. वजनाचा हिशोबही करा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे अडीच घनफूट. ७० लिटर पाणी. काच, वाळू, दगड धरून नव्वद किलोच्या आसपास जातं. टीव्हीच्या टेबलावर नव्वद किलो ठेवू नका.

आतला चुन्याचा पांढरा थर साध्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतो. साबण, भांड्यांचा लिक्विड, काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही त्या टाकीला लावायचं नाही.

आणि एक प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारा: या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? समुद्री माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो, त्यावर तांब्याची औषधं चालतात. आपल्याकडे द्राक्षबागायतदार ज्या मोरचुदाने फवारणी करतात, तेच तांबं. मासा त्यातून वाचतो. पण कोळंबी, गोगलगाय, खेकडे यांना तांबं अगदी थोडंसुद्धा सोसत नाही. शिवाय चुनखडीचे दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं सोडत राहतात. उत्तर 'हो' असेल किंवा 'आठवत नाही' असेल, तर ते दगड आणि वाळू घेऊ नका. काच घ्या.

वाळू तर तांबं नसलं तरी घेऊ नका. जुन्या वाळूच्या तळाशी वर्षानुवर्षांची घाण दबलेली असते, प्राणवायू पोचत नाही, आणि ती उपसली की कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आणि बरंच काही एकदम पाण्यात येतं. जागेवर असताना ती निरुपद्रवी होती, हलवल्यावर विष होते. नवी वाळू घ्या. फार वाटलं तर वरच्या थरातली वाटीभर जुनी वाळू नव्यावर भुरभुरा, विरजण म्हणून.

दगडांचं मात्र जपून. इथे दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली कायद्याची. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली खडक बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, महाशिंपले हे सगळे संरक्षित आहेत. जुन्या टाकीत यांतलं काही असलं, तर 'ते मला आधीच्या मालकाकडून मिळालं' हे उत्तर चालत नाही. घासाघीस करू नका, घेऊच नका. ज्याला 'लाइव्ह रॉक' म्हणून विकतात, तो आपल्या किनाऱ्यावरून काढलेला असेल तर तो मुळात प्रवाळाचा सांगाडाच असतो, हेही ध्यानात ठेवा. त्यामुळे दगड कुठले, हे विचारायचं. सिरॅमिकचे किंवा कारखान्यात बनवलेले सच्छिद्र दगड दोन-तीन वर्षं चालू टाकीत मुरलेले असतील, तर त्यांच्यासारखा सौदा नाही.

दुसरी गोष्ट जिवाची, म्हणजे तुमच्या जिवाची. दगडावर मऊ, बटणासारख्या, रंगीत फुलांच्या वसाहती दिसल्या तर तो झोअँथिड नावाचा जीव असू शकतो. त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाई बेटांवर हे विष प्रथम वेगळं करण्यात आलं, आणि ते ज्ञात असलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. दगड 'निर्जंतुक' करावा म्हणून कुणी तो पातेल्यात उकळतो. वाफेबरोबर ते विष हवेत येतं आणि घरातली सगळी माणसं इस्पितळात दाखल होतात. असं परदेशात अनेकदा घडलेलं आहे. दगड उकळायचा नाही, गरम पाणी ओतायचं नाही, कोरड्या ब्रशने घासायचा नाही. असला दगड उघड्या हातांनी धरू नका, आणि शक्यतो घेऊच नका.

आता ती चालू टाकी. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायचं. बंगळूरला निघाले, आणि जाण्याच्या आदल्या आठवड्यात ती मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुम्ही घेणार असाल तर पैसे नकोत, पण मासे दुकानात परत द्यायचे नाहीत." मी विचारलं, का? तर म्हणाली, "सहा वर्षं झाली हो त्यांना." आता या वाक्याचं काय करायचं, सांगा. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी प्राण्यांच्या दुःखावर बेंथमचं म्हणणं कितीतरी वर्षं शिकवलं. त्याच्या मते प्राणी विचार करतो का, यापेक्षा त्याला यातना होतात का, हा खरा प्रश्न आहे. वर्गात तो प्रश्न तासानंतर फळ्यावरून पुसता येतो. इथे दोन मासे होते आणि रविवारी ट्रक येणार होता.

मासे बरोबर येतात तेव्हा थांबायला वेळ नसतो. म्हणून सगळी तयारी आधी. विकणाऱ्याच्या टाकीतल्या पाण्याची क्षारता मोजा. समुद्राच्या पाण्यात साधारण एका लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास. पण पुष्कळ जण टाकी १.०२० वर चालवतात, मीठ वाचतं म्हणून. तुमचं नवं पाणी त्यांच्या पाण्याशी जुळवा, पुस्तकाशी नव्हे. नंतर हळूहळू, दिवसाला १.०२० वरून १.०२१ इतक्या गतीने वाढवता येतं. हे पाणी आदल्या दिवशी तयार पाहिजे. स्वच्छ बादलीत आधी आरओचं पाणी, मग त्यात मीठ, आणि पंप लावून रात्रभर ढवळत ठेवायचं. उलट क्रमाने, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर त्यातलं कॅल्शियम पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसतं आणि मीठ फुकट जातं.

हे मीठ स्वयंपाकघरातलं नाही, बरं का. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून वजनाने सुमारे ८५ टक्के, पण उरलेले पंधरा टक्के, मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, तेही जिवांना लागतात. कुणी मला विचारलं होतं, की उरण-पेणच्या मिठागरातलं मीठ तर समुद्राचंच आहे, ते का नको? पाणी आटताना सगळे क्षार एकदम बसत नाहीत. आधी चुना, मग जिप्सम, मग आपलं खायचं मीठ, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहतं, ते पाणी सोडून देतात. म्हणजे मिठागरातलं मीठ हे समुद्रातून निवडून काढलेलं आहे. ते पाण्यात घालून समुद्र परत मिळत नाही. दुकानात टाकीसाठी म्हणून मिळतं तेच मीठ घ्या.

हलवण्याच्या दिवशी मासे एका झाकणाच्या बादलीत, त्यांच्या जुन्या पाण्यात, बॅटरीवर चालणारा छोटा एअरपंप लावून. दगड वेगळ्या बादलीत, पाण्यात बुडवून. माशांबरोबर दगड ठेवलात तर रिक्षाच्या एका खड्ड्यात मासा चिरडेल. फिल्टरचा स्पंज जुन्या पाण्यात ओला ठेवायचा, आणि तो नळाखाली धुवायचा नाही, नळातलं क्लोरीन जिवाणूंसाठीच घातलेलं असतं. स्वच्छ करायचाच तर टाकीतल्या पाण्यात दोनदा पिळा. अनेक जण जुनं पाणीच ड्रम भरभरून आणतात, त्यात 'चांगले जिवाणू' आहेत म्हणून. ते जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. जुन्या पाण्याबरोबर मुख्यतः नायट्रेट येतं. बादल्या उचलून पाठ मात्र धरते.

घरी पोचल्यावर नवी धुतलेली वाळू, दगड, नवं पाणी, फिल्टर चालू, आणि मग मासे. पुढचे दोन आठवडे रोज अमोनिया मोजायचा. खायला एकाआड एक दिवस, चिमूटभर. मासा उपाशी मरणार नाही. चाचणीत अमोनियाचा रंग दिसला की त्याच दिवशी पावभर पाणी बदला, म्हणजे साठातलं पंधरा लिटर. वस्तीतले काही जिवाणू प्रवासात गेलेले असतात, उरलेल्यांना पुन्हा वाढायला वेळ लागतो.

मासे नसलेली टाकी आणली असेल तर तुम्ही नशीबवान, कारण तुम्हाला वाट बघता येते. खारं पाणी भरा, दगड ठेवा, पंप चालू करा, आणि जिवाणूंना खायला घाला. त्यासाठी काही जण कोळंबीचा तुकडा टाकतात, तो सडतो, घरात वास सुटतो आणि घरच्यांचा छंदावरचा विश्वास उडतो. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड बरं. म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाल्याचा. हातभट्टीवालेही वापरतात, पण त्यांचा बाजारी नवसागर नको, प्रयोगशाळेचा शुद्ध घ्या. साठ लिटरला ०.४ ग्रॅम पुरतो, त्याने अमोनिया लिटरला सुमारे दोन मिलिग्रॅम होतो. मग मोजत राहा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग नायट्राइट उतरेल. इतका डोस टाकल्यापासून चोवीस तासांत दोन्ही शून्यावर येऊ लागले की वस्ती बसली. याला चार ते सहा आठवडे लागतात, मुरलेले दगड असतील तर कमी.

न्यायदर्शनात अनुमान शिकवताना आपण डोंगरावरच्या धुराचं उदाहरण देतो. अग्नी दिसत नाही, धूर दिसतो, त्यावरून अग्नी आहे हे ठरवतो. टाकीत जिवाणू दिसत नाहीत, फक्त चाचणीच्या नळीतला रंग दिसतो. पण इथे एक चोरवाट आहे. अमोनिया शून्य आहे, एवढ्यावरून जिवाणू आहेत असं ठरत नाही, कारण अमोनिया कुणी टाकलेलाच नसेल तरीही तो शून्यच येणार. विकणारा जेव्हा म्हणतो, 'टाकी एकदम तयार आहे, अमोनिया शून्य,' तेव्हा विचारा, त्यात शेवटचं अन्न कधी पडलं? टाकला आणि नाहीसा झाला, तरच तो पुरावा.

या आठवड्यांत काचेवर, वाळूवर तपकिरी थर येईल. घाबरायचं कारण नाही, नव्या टाकीत तो येतोच आणि बहुधा आपोआप ओसरतो. दगडाच्या फटीतून केसाळ किडे डोकावतील, ते सफाई कामगार आहेत, फक्त बोट लावू नका, केस टोचतात. आणखी एक फायदा आहे. जुन्या दगडांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी आला असेल, तर मासा नसताना त्याला जगता येत नाही. जाणकार त्यासाठी टाकी अडीच महिने माशाविना ठेवतात.

पूर्वी, आणि अजूनही काही दुकानांत, सल्ला असा मिळतो, की 'काटक' डॅमसेल मासे दोन-चार सोडा, त्यांच्यावर टाकी तयार होते, मेले तर स्वस्तात गेले. मला हा सल्ला किळसवाणा वाटतो. कल्ले जळत असताना तग धरतो, त्याला काटक म्हणायचं? नवसागराची पुडी असताना जिवंत प्राण्याला पुडीसारखं वापरणं, यासाठी कुठलंही तत्त्वज्ञान लागत नाही. आणि जो वाचतो तो डॅमसेल पुढे टाकीत इतरांना जगू देत नाही, हे वर.

मग मासे कोणते? साठ लिटरमध्ये दोन क्लाऊनफिश, फार तर एखादा लहान गोबी. बस. निळा टँग, ती सिनेमातली 'डोरी', तिला ही टाकी म्हणजे खोका, ती फूटभर वाढते. क्लाऊनफिशला समुद्रफूल लागतंच असं नाही, आणि नव्या लहान टाकीत समुद्रफूल जगत नाही. दोघांत एक मोठा, एक लहान घ्या. या जातीत सगळे जन्मतः नर असतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. विचारताना 'पैदास केलेला आहे का' हे विचारा. समुद्री शोभेच्या बहुसंख्य जाती आजही समुद्रातून पकडून येतात, पण क्लाऊनफिशची पैदास आपल्याकडे होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र विकसित केलं आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्याची हॅचरी उभी राहिली. गॉसच्या पुस्तकाने जे वेड पसरलं, त्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावरची खडकांमधली कुंडं संग्राहकांनी ओरबाडून रिकामी केली. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या 'फादर अँड सन' मध्ये याबद्दल खेद व्यक्त केला आहे. वडिलांचं पुस्तक प्रेमाने लिहिलेलं होतं, हे तोही मान्य करतो.

क्लाऊनफिश टाकीत वीस वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. मी सत्तरी ओलांडली आहे. सोसायटीतल्या त्या जोडप्याचे मासे घेण्याआधी मी वजाबाकी केली आणि माझ्या पुतणीला फोन करून विचारलं, की पुढे हे तू घेशील का. तिने "हो" म्हटलं, मग मी खाली जाऊन बादल्या मोजल्या. तरुणांनाही हा प्रश्न आहे, फक्त त्यांच्या बाबतीत त्याला बदली म्हणतात.

आता थोडं रोजच्या कामाबद्दल. पाणी आटतं, मीठ आटत नाही. उन्हाळ्यात टाकीवर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी थंड होतं, पण त्याच बाष्पीभवनाने घटतं. साठातले सहा लिटर उडाले, तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ वर गेली. तुम्ही घरात लहानसं मिठागर चालवत असता. म्हणून कमी झालेलं पाणी रोज साध्या आरओच्या पाण्याने भरायचं, खाऱ्या नाही. खारं पाणी फक्त बदलताना, आठवड्याला दहा टक्के, सहा लिटर, म्हणजे २१० ग्रॅम मीठ. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत पंखा छान काम करतो, मुंबईच्या दमट मे महिन्यात तेवढा नाही. तिथे टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, २५ ते २७ अंश हवेत. आणि वीज गेली की माशाला पहिला धोका प्राणवायूचा. उबदार खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो. तो बॅटरीचा एअरपंप हलवण्याच्या दिवसानंतर माळ्यावर टाकू नका.

बाकी प्रश्न घेऊ.

(प्रश्न: जुहूचं किंवा अलिबागचं समुद्राचं पाणी आणून चालेल का?)

शहराजवळच्या किनाऱ्याचं तर नकोच, सांडपाणी, तेल, पावसाळ्यात नुसता गाळ. पावसाळ्यात क्षारताही बदललेली असते. लांबून, खोल समुद्रातून कुणी आणून देत असेल तर गोष्ट वेगळी, पण दर आठवड्याला कोण देणार?

(प्रश्न: बाटलीतले जिवाणू मिळतात, ते घातले तर सहा आठवडे थांबावं लागेल का?)

काहींचा उपयोग होतो. बाटली दुकानात उन्हात किती दिवस होती, ते मात्र बाटली सांगत नाही. घाला, आणि तरीही मोजा. चाचणी जे सांगेल ते खरं, लेबल सांगेल ते नव्हे.

(प्रश्न: सर, वास्तुशास्त्राप्रमाणे टाकी कुठल्या दिशेला ठेवावी?)

(हशा) थेट ऊन येणार नाही अशा कुठल्याही दिशेला, नाहीतर शेवाळ माजेल आणि पाणी तापेल. जमीन सपाट हवी. प्लगपॉइंट टाकीच्या अगदी खाली नको, बाजूला आणि उंच असावा. आणि प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी त्या खालच्या बाकावरून फरशीवर टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.